साडेतीन तासांच्या उन्हातली भाजी

माझी गॅलरी 9 फूट लांब आणि 3 फूट रुंद. डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, तोंड उगवतीकडे. समोरच्या इमारतीआडून ऊन आत यायला सकाळचे 8 वाजतात आणि डोक्यावरच्या स्लॅबमुळे साडेअकराला ते निघून जातं. स्वयंपाकघराच्या खिडकीला दक्षिणेच्या बाजूने 4 फुटांची बॉक्स ग्रिल आहे. माझी जमीन एवढीच. याच जागेत गेली 14 वर्षं मी कोथिंबीर, मेथी, पुदिना, मायाळू, अळू, कढीपत्ता, गवती चहा आणि हिवाळ्यात मिरच्या काढते आहे. त्यानं भाजीवाल्याकडे जाणं बंद झालेलं नाही, होणारही नाही. पण जुडीतली अर्धी कोथिंबीर फ्रीजमध्ये सडून जाणं थांबलं, आणि आमटीच्या फोडणीत पडणारा कढीपत्ता पाच मिनिटांपूर्वी झाडावर असतो.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. घरामागे परडं होतं. न्हाणीचं पाणी अळवाला जायचं, मांडवावर दोडकी-पडवळं लोंबायची, आणि मिरची-वांग्याची चार रोपं कुणी न लावता आपली आपण उगवायची. तेच डोक्यात ठेवून मी इथे पहिल्या वर्षी टोमॅटो, वांगी आणि भेंडी लावली. रोपं हातभर उंच झाली, पण फिकट आणि लेचीपेची. फूल आलं तरी गळून जायचं. मला वाटलं, खत कमी पडतंय. दोन वर्षं मी शेणखत घालत राहिले. मग एकदा आई चार दिवस राहायला आली. दुपारी गॅलरीत उभी राहून तिनं विचारलं, "अगं, इथे ऊन किती वेळ असतं?" मला सांगता येईना. दोन वर्षं झाडं लावत होते आणि एवढं मी बघितलंच नव्हतं.

म्हणून घरी भाजी लावायला निघालेल्या प्रत्येकाला मी आईचाच प्रश्न आधी विचारते. कुंड्या, माती, बियाणं हे सगळं त्याच्या नंतर.

आधी ऊन मोजा

एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळी 7 पासून संध्याकाळी 6 पर्यंत दर तासाला गॅलरीत जा, जमिनीवर ऊन जिथवर आलंय तिथे खडूनं रेघ ओढा आणि शेजारी किती वाजले ते लिहा. कठड्यावर, ग्रिलमध्ये आणि भिंतीलगत ऊन वेगवेगळं असतं, तेही टिपा. संध्याकाळी रेघा बघितल्या की कळतं, एवढ्याशा गॅलरीतही एका कोपऱ्याला 4 तास ऊन आहे आणि दुसऱ्याला जेमतेम दीड. थेट, सावली पाडणारं ऊन तेवढंच धरायचं. नुसता उजेड वेगळा मोजा.

आता हिशेब सोपा आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची यांना रोजचं 5-6 तास तरी थेट ऊन लागतं. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर, शेपू 3 ते 4 तासांत चांगली येतात. पुदिना, पानओवा, अळू, गवती चहा त्याहून थोड्या कमी उन्हातही तग धरतात, गवती चहा जरा विरळ होतो इतकंच. कारण उघड आहे. फळात जे काही भरायचं ते आधी पानांनी उन्हात बनवावं लागतं. तीन तासांच्या उन्हात पान स्वतःपुरतं कमावतं, फळाला द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार ही स्वतः प्रयोग करून बघणाऱ्या शेतकऱ्यांची चळवळ उभी केली आणि द्राक्ष बागायतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पान आणि ऊन यांचा हिशेब मांडायला शिकवलं. खताच्या पिशवीआधी पानावर पडणारं ऊन बघायचं, ही दृष्टी मला त्यांच्यामुळे मिळाली.

एक गोष्ट कळायला मात्र मला बरीच वर्षं गेली: हे ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डोंबिवली-मुंबईच्या पट्ट्यात पहिला मेच्या मध्याला, दुसरा जुलैच्या अखेरीस. कोल्हापूरला पहिला नऊ-दहा दिवस आधी येतो, नागपूरला दहाएक दिवस नंतर. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला त्या अडीच महिन्यांत थेट ऊन जवळजवळ नसतंच, आणि एरवी ओशाळवाणी वाटणारी उत्तरेची गॅलरी तेव्हा उन्हात न्हाऊन निघते. डिसेंबरमध्ये उलट. सूर्य दक्षिणेला इतका खाली उतरतो की छज्ज्याखालून ऊन थेट ओट्यापर्यंत येतं.

माझ्या ग्रिलमध्ये ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी 10 ते दुपारी 3 ऊन असतं, आणि गॅलरीपेक्षा ते कितीतरी जास्त. म्हणून मिरचीची रोपं मी गणपतीच्या आसपास तयार करते आणि पाऊस सरला की ग्रिलमध्ये नेते. मार्चनंतर तिथे पानओवा आणि पुदिना जातात. ज्यांची खिडकी पश्चिमेला आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये दुपारी 2 नंतर जुन्या सुती साडीचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा करावा. ते ऊन कोवळ्या पानांना करपवतं.

कुंडी आणि वजन

भाजीच्या मुळांना किती खोली लागते, त्यावर भांडं ठरवा. मेथी, कोथिंबीर, पालक यांना 5-6 इंच पुरे. पुदिन्याला खोली कमी आणि रुंदी जास्त लागते, कारण तो आडवा पसरतो. मिरचीला 10 इंच, टोमॅटो-वांग्याला 12 ते 14. कढीपत्त्याला सुरुवातीला 8 इंचांची कुंडी आणि दर दोन वर्षांनी एक माप मोठी.

मी विकतच्या कुंड्या फार थोड्या घेतल्या. पालेभाजीसाठी फळवाल्याकडून थर्माकोलचे खोके आणते. हलके असतात, उन्हात तापत नाहीत. दोनेक वर्षांत ऊन खाऊन कडा भुगभुगीत होऊ लागल्या की मात्र लगेच बदलावेत, नाहीतर त्याचे पांढरे दाणे मातीत आणि गटारात जातात. मोठ्या झाडांना रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या, आतून नीट धुऊन. तळाला करंगळी जाईल अशी सहा-सात भोकं, आणि तळापासून इंचभर वर कडेलाही दोन. तळाची भोकं जमिनीला टेकून बुजतात तेव्हा कडेची कामाला येतात. भोकांवर फुटक्या कौलाचा किंवा मडक्याचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. 20 लिटरची बादली नुसत्या लाल मातीनं भरून पाणी घातलं की 30 किलोच्या घरात जाते. अशा सहा बादल्या एका कठड्यालगत म्हणजे अडीच-तीन माणसं चोवीस तास तिथे उभी. जड भांडी भिंतीलगत किंवा कोपऱ्यात, तुळईच्या जवळ ठेवा, मधोमध नको. कठड्याच्या माथ्यावर आणि ग्रिलच्या बाहेरच्या कडेवर काहीही सुटं ठेवू नका. ग्रिलमधल्या प्रत्येक भांड्याला माझ्याकडे तारेचा फास आहे. खाली मुलं खेळतात, आणि वादळी पावसात हलकं भांडंही उडतं.

माती

कुंडीत नुसती माती घालू नये. जमिनीत गांडुळं आणि मुळं माती पोकळ ठेवतात. कुंडीत ती पाण्यानं दबत दबत विटेसारखी होते. माझं मिश्रण असं: दोन घमेली लाल माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा घरचं खत, दीड घमेलं कोकोपीट आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून फुगल्यावर एकदा साध्या पाण्यानं धुऊन पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात बरेचदा क्षार उरलेले असतात आणि त्यानं कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात.

मिश्रण जमलं का ते हातानं बघायचं. ओलसर मिश्रणाची मूठ दाबा. गोळा झाला पाहिजे, आणि अंगठ्यानं हलकं दाबताच तो फुटला पाहिजे. फुटत नसेल तर कोकोपीट वाढवा, गोळाच होत नसेल तर माती.

कोकोपीटऐवजी उसाची चिपाडंही चालतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडं वापरून दाखवली आणि त्यांचं बघून अनेकांनी ती उचलली. स्टेशनजवळचा रसवंतीवाला मला पिशवीभर चिपाडं आनंदानं देतो. ती थेट कुंडीत घालू नका, साखरेमुळे मुंग्यांची रांग लागते. दोन पाण्यांतून काढून, चार दिवस वाळवून, कात्रीनं बोटभर तुकडे करून बादलीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात भरा. वजन बरंच उतरतं आणि वर्षभरात त्यांचं कुजून खत होतं. माती खाली बसली की वरून भर घालायची.

घरच्या खताला झाकणाची एक बादली पुरते. चहूबाजूंनी भोकं पाडा, तळाला वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. रोजची सालं आणि देठं बारीक करून टाका आणि त्यावर त्याच्या दुपटीनं वाळका पाला किंवा फाडलेला कागद. पाला इमारतीच्या आवारात झाडणाऱ्या मावशी माझ्यासाठी पोत्यात राखून ठेवतात. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, कोरडा पाला घाला आणि ढवळा. शिजलेलं, मीठ-तेलाचं काही नको. चहाचा चोथा धुऊन टाका, दूध-साखर त्यात राहू देऊ नका. आठ-दहा आठवड्यांत काळं, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं खत तयार होतं. ते मी पीठ चाळायच्या जुन्या चाळणीनं चाळून दर पंधरवड्याला प्रत्येक कुंडीत मूठ-मूठ घालते. दुसरं खत फारसं लागत नाही.

कोथिंबीर

सगळ्यात जास्त लोक कोथिंबिरीशी हरतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

वाण्याकडचे धणे चालतात, पण यंदाचे हवेत, हिरवट पिवळे आणि चुरगाळल्यावर घमघमणारे. जुने, काळपट धणे उगवत नाहीत. अख्खा धणा म्हणजे दोन बिया एकत्र असतात. पोळपाटावर पसरून वाटीच्या बुडानं हलकेच रगडा, नुसते दोन भाग झाले पाहिजेत, भुगा नको. मग 12 तास पाण्यात, आणि पाणी काढून एक दिवस ओल्या फडक्यात बांधून. खोक्यात अर्धा इंच खोल, बोटाबोटाच्या अंतरानं पेरा. वरून चाळलेलं खत भुरभुरवा, झारीनं पाणी द्या आणि ओलं गोणपाट झाका. गोणपाट वाळू द्यायचं नाही. आठव्या-दहाव्या दिवशी हिरवं टोक दिसेल, त्याच दिवशी गोणपाट काढा. एक दिवस उशीर केला तरी रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

दाट पेरायचा मोह होतो. मलाही व्हायचा. दाट उगवलेली रोपं एकमेकांना चिकटून ओली राहतात आणि एका रात्रीत बुडापाशी कुजून कोलमडतात. त्यावर औषध शोधण्यापेक्षा विरळ पेरावं आणि पाणी सकाळी द्यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात.

पाच-सहा आठवड्यांत काढणीला येते. उपटू नका. बाहेरच्या काड्या जमिनीपासून दीड इंच वर कात्रीनं कापा, मधला कोंब ठेवा. दोन कापण्या चांगल्या मिळतात, तिसरी विरळ. म्हणून माझे तीन खोके असतात आणि मी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरते. एक उगवत असतो, एक वाढत असतो, एक कापणीला असतो.

उन्हाळ्यात कोथिंबीर चिडते. मार्चपासून ती पान सोडून फुलाच्या मागे लागते. तेव्हा खोका फक्त सकाळच्या उन्हात ठेवा, आणि फुलं आलीच तर राहू द्या. तिचे हिरवे कोवळे धणे वाटणात अप्रतिम लागतात, आणि ते बाजारात क्वचितच मिळतात.

मेथीचं काम सोपं. रात्री भिजवा, सकाळी पसरा, वर बोटाच्या पेराएवढी माती. तिसऱ्या दिवशी उगवते, तीन-साडेतीन आठवड्यांत भाजी. दीड फूट बाय एक फूट खोक्यात आम्हा तिघांना एका वेळची होते. ज्यांच्याकडे ऊन फारच कमी आहे त्यांनी समुद्र मेथी करून बघावी. मुंबईच्या बाजारात वाळूतल्या त्या इवल्या जुड्या मिळतात, तीच. पसरट ट्रेमध्ये धुतलेली रेती आणि थोडं खत, दाणे दाट पेरायचे, आणि दहा-बारा दिवसांत दोन पानांवर असतानाच मुळासकट काढायची. इथे दाट पेरलेलं चालतं, कारण कोलमडायच्या आत ती ताटात असते.

एकदा लावून वर्षानुवर्षं

पुदिन्याची जुडी आणली की जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, आणि चार बोटं पाण्यात बुडतील अशा ग्लासात ठेवा. पाणी दिवसाआड बदला. आठवड्यात मुळं फुटतात. रुंद टोपलीवजा भांड्यात एकटाच लावा, दुसऱ्या झाडाबरोबर लावला तर त्याला जगू देत नाही. पानओवा तर काडी मातीत खोचली की लागतो. त्याला पाणी कमी द्या, पानं आधीच जाड आणि रसाळ असतात. त्याची भजी पावसाळ्यात आमच्याकडे दर रविवारी होते.

मायाळू मला फार आवडतो, आणि शहरातल्या लोकांनी त्याला उगीच मागे टाकलंय असं मला वाटतं. उकाडा, दमट हवा, कोसळणारा पाऊस, जे जे कोथिंबिरीला मारतं ते याला मानवतं. बाजारातल्या जुडीतली जाड काडी दोन डोळे मातीत जातील अशी मृगाच्या सुमारास खोचा. ग्रिलला सुतळीची शिडी करून द्या. महिन्याभरात वेल वर चढतो. शेंडे खुडत राहा, जितकं खुडाल तितके फाटे फुटतात. डाळीतली भाजी, भजी, काहीही करा. ऑक्टोबरमध्ये जांभळी फळं धरतात, त्यातलं बी वाळवून ठेवलं की पुढच्या वर्षीची सोय झाली.

अळवाला अळकुड्या लावा. बाजारातून आणलेल्यांपैकी मोड आलेल्या दोन बाजूला ठेवल्या तरी चालतात, पण वड्या करायच्या असतील तर काळपट देठाच्या अळवाचा कंद कुणा ओळखीच्यांकडून मिळवा. अळवाला पाय ओले आवडतात. माझी अळवाची बादली एसीच्या नळीखाली आहे. ते पाणी झाडाला चालतं, फक्त त्यात क्षार नसतात, तेव्हा खताची मूठ विसरू नये. पानं खाजरी निघू शकतात, चिंच किंवा आमसूल घालणं आलंच.

कढीपत्त्याबद्दल लोक तक्रार करतात की वाढतच नाही. तो पहिली दोन वर्षं खरंच हळू चालतो. त्याला जास्त पाणी मारतं, हिवाळ्यात तर आठवड्यातून दोनदा पुरे. दीड फूट झाला की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. सुटी सुटी पानं ओरबाडण्यापेक्षा फांदीचा शेंडा कापून घ्या. महिन्यातून एकदा वाटीभर आंबट ताक दहा वाट्या पाण्यात मिसळून मुळाशी घालते, माझं झाड त्यावर टवटवीत आहे.

याच झाडावर कधीतरी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी सापडेल, पुढे ती हिरवीगार होते. ती लिंबाच्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. तीन-चार असतील तर माझी विनंती आहे, मारू नका. झाड मोठं असेल तर एक फांदी त्यांना द्या. माझ्या गॅलरीत दरवर्षी दोन-तीन फुलपाखरं कोशातून बाहेर येतात. ती पंख वाळवत बसतात तेवढा वेळ मी पाणीसुद्धा घालत नाही.

पाणी

झाडं मारणाऱ्यांत पहिला नंबर जास्त पाण्याचा. रोज ठरलेल्या वेळी तांब्याभर, असं करू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही, तीच अवस्था कुंडीत ठेवायची आहे. द्याल तेव्हा तळातून थेंब पडेपर्यंत द्या, वरवर शिंपडलेलं मुळांपर्यंत जात नाही. मातीवर वाळक्या पानांचं दोन बोटं आच्छादन ठेवलं की मेमध्येही दिवसाआड भागतं.

टोमॅटोच्या तळाला काळा खड्डा पडतो तोही पाण्याचाच प्रकार. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी सारखं ठेवलं की पुढची फळं नीट येतात.

कुंडीखाली ताटली ठेवा, पण तिच्यात पाणी साचू देऊ नका. आठवड्याभराचं साठलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं. दर रविवारी मी सगळ्या ताटल्या पालथ्या करून घासते. ताटलीचं दुसरंही कारण आहे. सुरुवातीला माझ्या कुंड्यांचं मातकट पाणी खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. त्या वर आल्या, मी माफी मागितली, आणि तेव्हापासून पाणी सकाळी 7 च्या आत देते, त्यांचं धुणं पडायच्या आधी. मेथीची पहिली जुडी त्यांच्याकडे जाते. आता त्यांच्या गॅलरीतही पुदिना आहे.

पावसाळ्यात उघड्यावरच्या पालेभाजीच्या नादी लागू नये. जून ते ऑगस्ट मायाळू, अळू, पानओवा यांच्यावर भागवा आणि हस्ताचा पाऊस ओसरला की खोक्यांत पेरणी सुरू करा.

कीड

रोज पाणी देताना दोन पानं उलटी करून बघा. कीड बहुतेक पानाखालीच असते आणि पहिल्या दिवशी ती बोटानं पुसून जाते. मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर दाटीनं बसणारी बारीक कीड, दिसला तर पाण्याच्या धारेनं धुऊन टाका. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा, आणि झाडावर मुंग्या चढत असतील तर त्यांचा रस्ता तोडा. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात.

मिरचीची पानं वाटीसारखी वळली, आखडली, तर तो चुरडा-मुरडा. फुलकिडे आणि कोळी या अगदी बारीक किडींमुळे होतो, आणि पांढरी माशी आणते त्या विषाणूमुळेही. सुरुवातीलाच आखडलेला शेंडा खुडून कागदात गुंडाळून फेका. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्यांचं साबण मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. सगळं झाड आखडलं असेल तर ते काढून टाका, शेजारची तरी वाचतील. मला पहिल्यांदा फार जीवावर आलं होतं, ठेवलं, आणि पाचही रोपं गेली.

कबुतरं पेरलेला खोका उकरतात आणि रोपांवर बसतात. उगवण होईपर्यंत खोक्यावर जुन्या टेबलफॅनची जाळी पालथी ठेवते. त्यावर ती बसत नाहीत.

गावाला जाताना

मेमध्ये आठ-दहा दिवस गावाला जावं लागतं. निघायच्या आदल्या दिवशी काढण्याजोगी सगळी पानं काढून घ्या, जितकं पान कमी तितकं पाणी कमी लागतं. कुंड्या उन्हातून काढून भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवा आणि भरपूर पाणी द्या. मधोमध स्टुलावर पाण्याची झाकलेली बादली ठेवा. जुन्या सुती पंच्याच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून भिजवा. एक टोक बादलीच्या तळाशी दगडाखाली, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. पाणी आपोआप झिरपत जातं. जाण्याच्या दोन दिवस आधी एक पट्टी लावून बघा. बादली फार भरभर रिकामी होत असेल तर पट्टी अरुंद करा, माती कोरडीच राहत असेल तर दोन लावा.

परत आल्यावर कुंड्या लगेच पहिल्या जागी नेऊ नका. आठ दिवस सावलीत राहिलेली पानं मेच्या उन्हात तासाभरात करपतात. पहिले दोन दिवस सकाळचा एक तास, मग दोन, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण.